सगळे थांबलेले असताना हललेला आकडा

थांबाताईंचं खरं नाव ऑफिसात फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या त्या थांबाताई. दिवसभर कुणाला ना कुणाला थांबवत असतात म्हणून. माणसांना नव्हे. माणसं त्यांच्याच्यानं कधी थांबली नाहीत, आणि त्यांच्या सासूबाई तर नाहीच नाही. त्या थांबवतात प्रोग्रामना.

त्यांचं काम समजायला सोपं, सांगायला अवघड आणि सासूबाईंना सांगायला अशक्य. सासूबाईंनी त्यावर आपला तोडगा काढला होता. शेजारच्या बायकांनी विचारलं की त्या म्हणायच्या, आमची सून कॉम्प्युटरला दटावते. थांबाताईंनी दोनचारदा दुरुस्ती करून पाहिली, मग नाद सोडला, कारण खरं सांगायचं तर ते वर्णन काही अगदीच चूक नव्हतं.

समजा, एका ओट्यावर चार जावा एकाच वेळी स्वयंपाक करताहेत. सुरी एक, चाळणी एक, मिठाचा डबा एक. थोरली मीठ घालून वळते न वळते तोच धाकटी येऊन पुन्हा मीठ घालते. सूप खारट होतं आणि चौघी एका सुरात म्हणतात, मी नाही बाई. खोटं कुणीच बोलत नसतं. हल्लीचे प्रोग्राम असेच चालतात, एकाच वेळी अनेक हात. त्या एकेका हाताला या धंद्यात थ्रेड म्हणतात. आणि खारटपणा नेमका कुणाच्या हातून, कुठल्या क्षणी झाला हे शोधायला जो दुसरा प्रोग्राम लागतो, तो डीबगर. तो मुलांच्या खेळातल्यासारखं 'स्टॅच्यू' म्हणतो, चौघी आहेत तशा थिजतात, आणि मग आपण निवांत हिंडून बघायचं, कुणाच्या हातात चमचा आहे आणि कुणाच्या मनात काय.

थांबाताईंची कंपनी हा डीबगर बनवायची. जुन्यात एक खोट होती. थोरलीला म्हणावं, तू तेवढं एक पाऊल टाक, की बाकीच्या तिघी ती संधी साधून सैरावैरा सुटायच्या. थोरलीचं पाऊल पडेपर्यंत धाकटीनं स्वयंपाक उरकून भांडी घासायला काढलेली. नव्या आवृत्तीत ही खोट काढली होती. आता जिला सांगाल तीच हलणार, बाकीच्या भिंतीवरच्या तसबिरी. शिवाय प्रत्येकीचं नाव पडद्यावर दिसणार. चालतीचं हिरवं, थांबलेलीचं निळं.

हे सगळं नवं काम विणकराचं. तो काही खरा विणकर नव्हे. धागे सांभाळतो, म्हणून त्याला ते नाव पडलं. हुशार पोरगा, मनानं चांगला, पण त्याच्या कामात चूक आहे असं कुणी म्हटलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, शक्यच नाही. या वाक्याचे त्याचे तीन प्रकार होते आणि थांबाताईंना ते रागांसारखे ओळखू यायचे. पहिला झटक्यात, चहाचा घोट गिळायच्या आत. म्हणजे, मला ऐकायचंच नाही. दुसरा लांबट, मान तिरकी करून, शक्यच नाऽही. म्हणजे, असेलही, पण दुसऱ्या कुणाच्या भागात असेल. तिसरा अगदी हळू, खुर्चीला टेकून, नजर छताला लावून. तो आला की समजायचं, पठ्ठ्याला चूक सापडली.

थांबाताईंचं काम विणकरानं विणलेलं उसवायचं. तो म्हणणार सगळ्या थांबतात, या बघणार खरंच थांबतात का. ढोंगी सूप, ढोंगी जावा असे लहान लहान चाचणीचे प्रोग्राम त्या स्वतः लिहायच्या, आणि त्यात त्यांची एक शिस्त होती. प्रत्येक थ्रेडनं जन्मल्याबरोबर पडद्यावर 'आलो' म्हणायचं आणि जाताना 'निघालो' म्हणायचं. न सांगता येणारी आणि न सांगता जाणारी माणसं त्यांना घरातही चालत नसत. ही शिस्त सगळ्या ऑफिसला इतकी आवडली की नव्यानं लागलेली मुलंसुद्धा न विचारता तसंच लिहायला लागली. चाचणी चालू झाली की पडद्यावर 'आलो, आलो, आलो, निघालो' अशी रीघ लागायची. थेट वरातीसारखी.

आता अडचण कुठे होती ते सांगायला हवं.

मागच्या आवृत्तीच्या वेळी ताईंनी हात वर करून 'थांबा' म्हटलं होतं. आवृत्ती अडली. अख्खा मजला कामाला जुंपला गेला. जेवणाचे डबे टेबलावरच उघडले गेले. आणि सरतेशेवटी निघालं काय, तर ताईंच्याच कॉम्प्युटरच्या पोटात मेमरीची एक पट्टी सैल बसली होती. प्रोग्राम निर्दोष, डीबगर निर्दोष, गुन्हेगार ताईंच्या टेबलाखाली. कुणी रागावलं असतं तर परवडलं असतं. सगळे हसले. कितीतरी दिवस त्या पॅसेजमधून चालल्या की मागून कुणीतरी हळूच 'लांडगा आला' म्हणायचं, आणि वळून बघावं तर जो तो स्वतःच्या चपला निरखतोय.

मोठ्या साहेबांना सगळे थोडक्यातसाहेब म्हणत. 'थोडक्यात सांगतो' असं म्हणून ते सुरुवात करायचे, आणि ऐकणाऱ्याचा चहा निवून त्यावर साय धरायची. त्या प्रसंगानंतर त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून थोडक्यात सांगितलं होतं. त्यात त्यांच्या पहिल्या नोकरीची हकीकत आली, त्यांच्या मेहुण्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं, आणि अगदी शेवटी, दाराशी, मुद्दा आला. यापुढे आधी दाखवायचं आणि मग थांबवायचं. दाखवता आलं नाही, तर मदतपुस्तिकेकडे माणूस हवाच आहे.

मदतपुस्तिका म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे दोघंजण बसून दिवसभर लिहीत, पुढे जाण्यासाठी 'पुढे' हे बटण दाबा. त्यांच्यातल्या एकाला ताईंनी एकदा लिफ्टमध्ये तोंडातल्या तोंडात म्हणताना ऐकलं होतं, वर जाण्यासाठी 'वर' हे बटण दाबा. तेव्हापासून त्या जिन्यानं जात.

नव्या आवृत्तीचं पहिलं गिऱ्हाईक एक भलीमोठी लाँड्री होती. शहरातली हॉटेलं आणि इस्पितळं आपल्या चादरी तिथे धाडत. तिथला प्रोग्राम एकाच वेळी पन्नासेक यंत्रं सांभाळायचा. कपड्यांचं गाठोडं आत आलं की त्याच्या नावानं एक नवा थ्रेड जन्मायचा आणि धुऊन, वाळून, घडी होईपर्यंत त्याच्या मागे मागे फिरायचा. हल्ली त्यात काहीतरी बिनसलं होतं. एका लग्नाच्या हॉटेलात नवरानवरीच्या खोलीत इस्पितळाची चादर गेली, कोपऱ्यावर वॉर्डाचा नंबर छापलेली. म्हणून त्यांना डीबगर हवा होता, आणि म्हणून थांबाताई एक दिवस चाचणीसाठी त्यांच्याकडे जाऊन बसल्या.

लाँड्रीतला इंजिनियर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक मारल्यासारखा बोलायचा. यंत्रांच्या घरघरीत दिवस काढल्यामुळे त्याचा आवाज कायमचा तिथेच अडकला होता, चहा हवा का हेसुद्धा त्यानं गर्जून विचारलं. त्यानं ताईंना एक उंच स्टूल दिलं, गरम साबणाच्या वासात. ताईंनी डीबगर जोडला, 'थांब' दाबलं. सगळी नावं निळी झाली. मागे यंत्रांचे ढोल हळूहळू थांबले, इंजिनियरनं ती शांतता जाणवून कानात बोट घालून पाहिलं.

आणि पडद्याच्या कोपऱ्यात, आत आलेल्या गाठोड्यांचा जो आकडा होता, तो एकानं वाढला.

ताईंनी डोळे मिटून उघडले. नावं सगळी निळी. चारही जावा तसबिरीसारख्या, आणि मीठ मात्र कुणीतरी घातलेलं. त्यांनी इंजिनियरकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. पुन्हा 'चालू', पुन्हा 'थांब'. या खेपेस आकडा गप्प. आणखी एकदा, पुन्हा गप्प. तोवर बाहेर हातगाड्यांची रांग लागली होती आणि इंजिनियर गर्जून म्हणत होता की आता यंत्रं सोडा बाई, ओल्या चादरींना वास मारायला लागेल. त्यांना दुसऱ्यांदा तिथे चाचणी करू द्यायला लाँड्री काही तयार झाली नाही.

ऑफिसात येऊन त्यांनी विणकराला सांगितलं.

"शक्यच नाही," तो म्हणाला. पहिला प्रकार. चहा अजून तोंडात.

ताईंनी त्याला आकडा, नावं, रंग सगळं सांगितलं. तो म्हणाला की 'थांब' म्हटल्यावर डीबगर सगळ्यांची हजेरी घेतो, एकेकाला थांबवतो, आणि शेवटचा थांबल्याशिवाय निळा रंग लावतच नाही. त्यातून निसटायला फटच नाही. मग मान तिरकी करून त्यानं दुसरा प्रकार काढला. लाँड्रीच्याच प्रोग्राममध्ये काहीतरी असेल, तिथली यंत्रं जुनी आहेत, वाफेनं कॉम्प्युटर दमट झाला असेल. मेमरीच्या पट्टीचं तो काही बोलला नाही. पण ती दोघांच्या मध्ये टेबलावर येऊन बसलीच.

"तुला खोटं वाटतंय का रे?" ताईंनी विचारलं.

"खोटं नाही ताई. पण दाखवायला लागेल ना."

थोडक्यातसाहेबांनीही तेच सांगितलं, बऱ्याच वळणांनी. आवृत्ती शुक्रवारी बाहेर जाणार, लाँड्रीला शब्द दिलेला. शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर दाखवा. नाहीतर, आणि इथे त्यांनी जिन्याच्या दिशेनं अशा मायेनं पाहिलं, जणू तिथे बाग आहे.

खरी लाँड्री मिळत नाही म्हटल्यावर ताईंनी नकली लाँड्री लिहिली. पन्नास यंत्रं, दणादण जन्मणारी गाठोडी, कोपऱ्यात आकडा, सगळं हुबेहूब. गाठोडं जन्मलं की 'आलो', गेलं की 'निघालो'. चालू, थांब. चालू, थांब. आकडा खिळ्यानं ठोकल्यासारखा. त्यांनी गाठोडी वाढवली, यंत्रं वाढवली, कॉम्प्युटर बदलला, शेजारणीचा कॉम्प्युटर मागून घेतला. तिकडे हजारो गाठोडी विनयानं 'आलो, आलो' म्हणत येत होती आणि थांब म्हटलं की गुणी बाळासारखी थांबत होती. बोट दुखायला लागलं तेव्हा त्या डाव्या हातानं दाबायला लागल्या. त्यांची स्वतःचीच खात्री डळमळू लागली. एकदाच तर दिसलं होतं. साबणाचा वास डोळ्यात गेला असेल. एखाद्या वेळी आकडा आधीपासून तेवढाच असेल. माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागला की पुरावे कसे भराभर सापडतात.

गुरुवारी त्या वेळेवरच घरी आल्या. दारातूनच 'आले मी' म्हणाल्या, चप्पल काढली आणि बटाटे सोलायला बसल्या. कारण बटाटा तरी सोलला की सोललेला राहतो.

सासूबाई समोर बसून म्हणाल्या, मी काही बोलत नाही. हे वाक्य म्हणजे त्यांचं नमन. त्यानंतर घडाभर तेल ठरलेलं. मी काही बोलत नाही, पण सालं जाड निघताहेत. मी काही बोलत नाही, पण चेहरा उतरलाय. मी काही बोलत नाही, पण त्या जिन्याखालच्या खोलीत निदान खिडकी आहे का? ताईंनी सांगितलं, नाही. सासूबाई क्षणभर खरोखरच काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी दुसरी सुरी घेऊन दुसरा बटाटा उचलला. त्यांची सालं कागदासारखी पातळ.

तेवढ्यात नवरा आला. तो गाडी शिकवायचा. गल्लीत त्याला मास्तर म्हणत, आणि घरातही त्याचं बोलणं गाडीतलंच असायचं. भात जास्त वाढला की ब्रेक म्हणायचा, भांडण वाढायला लागलं की न्यूट्रलवर घ्या म्हणायचा. आज मात्र तो बूट न काढताच खुर्चीत बसला. त्याची सगळ्यात लाडकी शिकाऊ, एक दातांची डॉक्टरीणबाई, परीक्षेत नापास झाली होती.

ही डॉक्टरीणबाई सगळं मोठ्यानं म्हणत गाडी चालवायची. मास्तर तिची नक्कल करायला लागला, पाठ ताठ करून, रिकाम्या हवेत चाक धरून, रुग्णाला आ करायला सांगावं अशा सुरात. आरसा बघितला. उजवीकडे बघितलं. इंडिकेटर दिला. आता क्लच सोडते हं. महिनाभर एक ओरखडा नाही. पण आज परीक्षकानं पहिल्याच वळणाला सांगितलं, बाई, तोंड बंद ठेवून चालवा. तिनं तोंड बंद केलं, आणि गाडी जी निघाली ती थेट दुसऱ्या गाडीच्या समोर.

"आता कळतंय," मास्तर म्हणाला. "ती बघून थांबत नव्हतीच. ती बोलत होती. तिचं सगळं म्हणून होईपर्यंत समोरचा सायकलवाला आपसूक निघून जायचा. आणि मी येडा तिच्या शेजारी बसून म्हणतोय, वा, काय सावधपणा."

ताईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"येडा?"

"त्याच्या आधीचं."

मास्तरानं पुन्हा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मी काही बोलत नाही, पण हिला पाणी द्या.

ताईंच्या डोक्यात मात्र पन्नास यंत्रं चालू झाली होती. नकली लाँड्रीतलं प्रत्येक गाठोडं जन्मल्याबरोबर 'आलो' म्हणतं. म्हणायला पडदा एकच, म्हणजे सभेत माइक एकच असावा तसं. एकानं धरला की बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. आता 'थांब' म्हटलं. ज्याच्या हातात माइक, तो माइक धरूनच थिजला. त्याच क्षणी एखादं गाठोडं जन्मलं, हजेरी घेऊन झाल्यावर, विणकराच्या यादीत नसलेलं. ते मोकळंच आहे. पण ते काय करतं? संस्कारी बाळ. आधी 'आलो' म्हणायला माइकच्या रांगेत जाऊन उभं राहतं. माइक काही सुटत नाही, आणि आकड्यापर्यंत ते पोचतच नाही. डीबगरनं त्याला थांबवलेलंच नसतं. थांबवलंय ते ताईंच्या शिस्तीनं.

खऱ्या लाँड्रीतल्या गाठोड्यांना कुणी 'आलो' म्हणायला शिकवलेलं नव्हतं. ती आली की थेट कामाला लागत.

शुक्रवारी सकाळी ताईंनी नकली लाँड्रीतली 'आलो' आणि 'निघालो' पुसून टाकली. पडदा सुनासुना झाला. चालू, थांब. सगळं निळं. आकडा हलला. पुन्हा चालू, थांब. नाही हलला. मग पुन्हा, आणि तो हलला.

त्यांना आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण ओरडण्याआधीच त्यांनी जुन्या चाचण्यांची यादी उघडली. कारण हिशेब सरळ होता. 'आलो' म्हणणारी गाठोडी खोटी साक्ष देत असतील, तर इतकी वर्षं ताईंनी आणि त्यांचं बघून सगळ्यांनी जेवढ्या चाचण्या लिहिल्या, त्या सगळ्यांनाच हे संस्कार होते. सैल पट्टीला निदान सैल पट्टी म्हणता येत होतं, इथे सैल होती ती त्यांचीच शिस्त.

त्यांनी आधी विणकराला बोलावलं. साहेबांसमोर त्याचा मामा करायचा नव्हता. त्यानं पाहिलं, स्वतः दाबलं, आकडा हलला. तो खुर्चीला टेकला, नजर छताला लागली.

"शक्यच नाही," तो इतक्या हळू म्हणाला की पंख्याला ऐकू गेलं असेल तर तेवढंच.

मग दोघंही सभेच्या खोलीत गेले. लांब टेबल, एका टोकाला साहेब, बाकी टेबलाच्या दोन्ही बाजूंना मजल्यावरची मंडळी, आणि दाराजवळच्या खुर्चीत मदतपुस्तिकेतला एक जण, बोलावलेला का होता ते सगळ्यांना कळत होतं. ताईंनी पडदा भिंतीवर लावला. थोडक्यात सांगायची पाळी आज त्यांची होती, आणि त्यांनी खरोखर थोडक्यात सांगितलं. नवीन जन्मलेला थ्रेड हजेरीतून सुटतो. बघा.

चालू. थांब. सगळं निळं. आकडा जागच्या जागी.

चालू. थांब. काही नाही.

कुणीतरी खाकरलं. साहेबांनी पेनचं टोपण लावलं, हे लक्षण बरं नव्हतं. आणखी एकदा. तरीही काही नाही. टेबलाच्या मधून कुठूनतरी अगदी बारीक आवाजात, ओठ न हलवता कुणी 'लांडगा' म्हणालं, आणि शेजारच्यानं पायावर पाय दिल्याचा आवाज आला.

साहेब म्हणाले, "थोडक्यात, ताई..."

"साहेब, मी बघितलंय," विणकर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो उठून उभा राहिला होता, आणि उभं राहायचं कुणी सांगितलं नसल्यामुळे हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं.

"माझ्या हजेरीत फट आहे. मी यादी करतो आणि मग एकेकाला थांबवतो. या मधल्या क्षणात कुणी जन्मलं तर ते यादीतच नाही. मी म्हणत होतो शक्य नाही. शक्य आहे. दर वेळी होणार नाही, पण होतं."

"दाखवायचं ठरलं होतं," साहेब म्हणाले, जरा नरमाईनं.

"दाखवतो की. ताई, दाबत राहा."

ताई दाबत राहिल्या. चालू, थांब. चालू, थांब. कुणी हसलं नाही. मजल्यावरची सगळ्यात थट्टेखोर मंडळीही पुढे झुकून त्या आकड्याकडे अशी बघत होती, जसं मांजर भिंतीतल्या भोकाकडे बघतं. आणि मग भिंतीवर, सगळी नावं निळीशार असताना, आकडा एकानं वाढला.

खोलीभर एकदम 'अरे' असं झालं. मदतपुस्तिकेतला माणूस सगळ्यात मोठ्यानं म्हणाला.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. आवृत्ती थांबवा, त्यांनी सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे तेवढंच सांगितलं. मग ताईंकडे वळून विचारलं, की हे आतापर्यंतच्या एकाही चाचणीत कसं सापडलं नाही.

ताईंनी एकदा टेबलावरच्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. चाचण्या लिहायला शिकलेली मुलं तिथेच बसली होती.

"आपल्या चाचण्यांना संस्कार जास्त झालेत, साहेब," त्या म्हणाल्या. "मीच केलेत. माझे थ्रेड आल्यावर सांगतात, जाताना सांगतात, रांगेत उभे राहतात. बाहेरच्या जगातले असं काही करत नाहीत. सगळ्या चाचण्या पुन्हा तपासायला लागतील."

"सगळ्या?"

"सगळ्या."

साहेबांनी त्यावर थोडक्यात बोलायला तोंड उघडलं, भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं आणि ते मिटलं. मग मदतपुस्तिकेच्या माणसाला म्हणाले की तुम्हाला दुसरं कुणीतरी शोधू. तो माणूस जाता जाता ताईंना म्हणाला, तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं हो, आमच्याकडे बोलायला कुणी नाही. ते त्यानं मनापासून म्हटलं होतं, त्यामुळे ताईंना हसताही येईना.

विणकराला फट बुजवायला दुपार लागली. हजेरी घेऊन झाली की पुन्हा हजेरी घ्यायची, आणि नवं कुणी सापडेनासं होईपर्यंत घेत राहायची. तो ताईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि ताई दाबत राहिल्या, उजव्या हातानं, मग डाव्या हातानं. आकडा हलला नाही. तो म्हणाला, आता झालं. ताई म्हणाल्या, आज झालं, उद्या बघू. तो त्यावर वाद न घालता गेला, हे नवलच.

लाँड्रीला कळवायचं काम साहेबांनी ताईंवर सोपवलं. दिलेला शब्द मोडायचा असला की साहेबांना नेहमी दुसरी मीटिंग असायची. ताईंनी फोन लावला आणि तो कानापासून वीतभर लांब धरला. पलीकडून इंजिनियरचा आवाज आला, चादरींचे दोन डोंगर ओलांडून. ताईंनी सांगितलं की आवृत्ती उशिरा येईल, कारण सगळं थांबलेलं असतानाही आत एखादा थ्रेड चालू राहायचा आणि गाठोड्यांचा आकडा वाढायचा.

मग इंजिनियर ताईंच्या माहितीत पहिल्यांदाच हळू बोलला.

"म्हणजे ते खरं होतं?"

"काय खरं होतं?"

"तुम्ही आलात त्या दिवशी मी पण बघितलं ना. काचेत. खिडकीच्या काचेत तुमचा पडदा दिसत होता. सगळं निळं आणि आकडा हलला."

ताई उभ्या होत्या त्या बसल्या. "मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"काय बोलणार बाई? तुम्ही यातली जाणती माणसं, गप्प बसलात. मला वाटलं आपलेच डोळे. दुसऱ्या दिवशी जाऊन चष्म्याचा नंबर तपासून आलो."

"आणि?"

"नंबर तोच आहे म्हणाला. मग जास्तच काळजी लागली."

ताईंना हसू आवरेना. इतके दिवस एका खोलीतली दोन माणसं, दोघांनीही तेच पाहिलेलं, आणि दोघंही आपापल्या घरी जाऊन स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसलेली. त्यांनी डोळे पुसले आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"पुढच्या वेळी असं काही दिसलं ना," त्या म्हणाल्या, "तर आधी मला सांगायचं. चष्मेवाल्याकडे नंतर जाऊ, दोघं मिळून."

पलीकडून तो पुन्हा पहिल्यासारखा गर्जून हसला, आणि त्या आवाजानं शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दचकून मान वर केली.